गाणी तोंडपाठ, चित्रपट बेपत्ता

‘नाच रे मोरा’ न येणारं मराठी मूल सापडणं कठीण. शब्द माडगूळकरांचे, संगीत पु. लं.चं, आवाज आशाबाईंचा, हेही पुष्कळांना माहीत असतं. पण हे गाणं १९५३ साली राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातलं आहे. त्या चित्रपटात ते कोणत्या प्रसंगी येतं आणि त्याच्या आधी-नंतर काय घडतं, हे पाहून सांगणारा माणूस शोधायला निघा. ‘एकवार पंखावरुनी फिरो तुझा हात’ ऐकताना ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांच्यातल्या कितीजणांनी ‘वरदक्षिणा’ पाहिला आहे? लताबाईंनी अगदी लहान वयात ‘पहिली मंगळागौर’मध्ये काम केलं होतं, हे वाक्य त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात येतं. १९४२ सालच्या त्या चित्रपटातली छोटी लता पडद्यावर कशी दिसते, कशी बोलते, याबद्दल मात्र त्या लेखांत ओळसुद्धा नसते. लिहिणाऱ्यानेही तो पाहिलेला नसतो.

आपली मराठी चित्रपटांची आठवण ही अशी कानात साठलेली आहे. त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. ध्वनिमुद्रिका ही चित्रपटापासून वेगळी विकली जाणारी वस्तू होती. तबकडी निघाली, घरोघरी गेली, आकाशवाणीच्या संग्रहात गेली, ‘आपली आवड’मध्ये वर्षानुवर्षं वाजली. पुढे तिची कॅसेट झाली, मग सीडी, मग मोबाइलमधली फाइल. प्रत्येक नव्या साधनाबरोबर गाणं पुढे सरकत राहिलं, कारण ते पुढे नेणाऱ्याला त्यात दोन पैसे मिळत होते. चित्रपटाची प्रिंट मोठ्या शहरातून तालुक्याला गेली, तालुक्यातून जत्रेतल्या तंबूत गेली. प्रोजेक्टरच्या दात्यांनी तिच्या कडेची भोकं फाटली, तुटलेली जागा कापून जोडता जोडता ती तोकडी होत गेली आणि शेवटी कुठल्याशा गोदामात डब्यात पडून राहिली. तिला पुढे नेण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

हा विषय काढला की लगेच उत्तर येतं, ‘सगळं तर यूट्यूबवर आहे.’ हे उत्तर खोटं आहे, आणि त्याने फार नुकसान केलं आहे. आपल्याकडे काहीतरी आहे असं वाटत राहिलं की खरं मिळवण्याची धडपडच थांबते. यूट्यूबवर जुन्या मराठी चित्रपटांच्या नावाखाली जे सापडतं, त्यातलं बरंचसं व्हीसीडीवरून उतरवलेलं असतं. व्हीसीडीवरचं चित्र रुंदीला ३५२ आणि उंचीला २८८ बिंदूंचं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर याच्या कितीतरी पट तपशील असतो. आजच्या चांगल्या स्कॅनरवर त्याच फिल्ममधून चार हजार बिंदू रुंदीचं चित्र काढता येतं. एका व्हीसीडीत मावायचा जेमतेम सव्वा तासाचा भाग. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट दोन तबकड्यांत बसवण्यासाठी कुठे गाणं कापलं, कुठे एखादा प्रसंग, असं सर्रास झालं. काही प्रतींवर कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह असतं, कारण ती कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली असते. सुरुवातीची श्रेयनामावली छाटलेली असते. म्हणजे छायालेखक कोण, संकलक कोण, ध्वनिमुद्रक कोण, हे जिथे लिहिलेलं होतं नेमकं तेच गेलं.

कुणालाही तपासून पाहता येईल असा एक हिशोब आहे. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची रिळं किती आणि लांबी किती याची नोंद असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने चालते. म्हणजे १२,००० फुटांचा चित्रपट सव्वादोन तासांच्या आसपासचा असायला हवा. ऑनलाइन सापडलेली प्रत पावणेदोन तासांची निघाली, तर तुम्ही जे पाहिलंत तो दिग्दर्शकाने केलेला चित्रपट नव्हता. आणि जे वर चढवलेलं आहे ते राहीलच याचीही खात्री नसते. हक्काचा दावा आला की रातोरात नाहीसं होतं. एखाद्या अनोळखी माणसाने हौसेने वर टाकलेली प्रत टिकण्यावर एका भाषेच्या चित्रपटांचं भवितव्य सोपवणं मला मान्य नाही. अशा हौशी लोकांचे आपण आभारच मानले पाहिजेत, त्यांनी जे केलं ते संस्थांनी करायला हवं होतं. पण त्यांच्या भरवशावर थांबता येत नाही.

जे कायमचं गेलं त्याची यादी मोठी आहे, ती मी इथे लांबवणार नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसेक उरले आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे नुसते तुकडेच हाती आहेत. बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा मूक ‘सावकारी पाश’ गेला. भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात म्हणून ज्याचं नाव सगळे घेतात, त्याची एक चौकटही हलताना पाहायला मिळत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली आणि हजारो रिळं जळाली. नायट्रेट पेट घेतं, त्यानंतर आलेलं अ‍ॅसिटेट आंबट वास सोडत आक्रसतं, रंगीत फिल्मचे रंग उडून सगळं लालसर होतं. हे सगळं दुःखाचं आहे. पण जळालेल्या रिळांबद्दल आज कुणी काही करू शकत नाही. माझी तक्रार त्या चित्रपटांबद्दल आहे जे शाबूत आहेत, कुठल्या तरी थंड खोलीत कपाटात ओळीने ठेवलेले आहेत, आणि तरीही तुम्हा-आम्हाला पाहता येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रपट सांभाळून ठेवला म्हणजे काम झालं, ही समजूत सोडायला हवी. सामान्य प्रेक्षकाला तो घरी बसून, पूर्ण लांबीचा, स्वच्छ आणि कायदेशीररीत्या पाहता आला पाहिजे. तिथवर न पोचलेलं जतन अर्धवट आहे, त्यावर कितीही कोटी खर्च झालेले असोत.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १ फेब्रुवारी १९६४ रोजी सुरू झालं. पी. के. नायर यांनी ते उभं केलं. निर्मात्यांच्या गोदामांत, भंगारवाल्यांकडे, जिथे सुगावा लागेल तिथे जाऊन त्यांनी रिळं आणली. फाळके यांचे जे काही अवशेष आज आपल्या हाती आहेत, ते नायरसाहेबांमुळे. पण नायर नुसते गोळा करणारे नव्हते. त्यांना चित्रपट दाखवण्याची ओढ होती. फिल्म सोसायट्यांना ते प्रिंट पाठवत. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात त्यांनी जगातले मोठे चित्रपट नेले आणि शेतकऱ्यांना दाखवले. त्या काळी प्रिंट पाठवायची म्हणजे पत्र्याचे जड डबे रेल्वेने रवाना करायचे आणि ते खराब न होता परत येतील अशी आशा करायची. आज एका स्कॅनची प्रत काढायला डब्यांची गरज नाही आणि मूळ फिल्मला धक्काही लागत नाही. साधन इतकं सोपं झाल्यावर दाखवणं वाढायला हवं होतं.

दाखवण्याची जबाबदारी पूर्वी एका सरकारी माध्यमाने उचललेलीही होती. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा. आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसाने राजा परांजपे पाहिले, मास्टर विनायकांचं नाव ऐकलं, सुलोचनाबाई आणि जयश्री गडकर यांना ओळखलं, ते त्या शनिवारांमुळे. चाळीतल्या एका टीव्हीसमोर वीस माणसं बसून ‘जगाच्या पाठीवर’ पाहायची. ती पसंती प्रेक्षकांच्या मागणीवर सोडलेली नव्हती. कुणीतरी ठरवून जुना चित्रपट लावत होतं आणि लोक आवडीने पाहत होते. खासगी वाहिन्या आल्या आणि तेच ते मोजके विनोदी चित्रपट फिरून फिरून लागू लागले. पुढच्या पिढीच्या डोळ्यांपुरता मराठी चित्रपट १९८० नंतर सुरू झाला.

आता निधीचं पाहू. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २,२०० चित्रपटांच्या पुनर्संचयनासाठी, म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त आणि स्वच्छ करण्यासाठी, ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. आकडा लहान नाही आणि काम होत आहे हे मला मान्य आहे. २०२३ साली गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ नव्याने स्वच्छ करून दाखवला गेला. देशाच्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट. महोत्सवाचं ओळखपत्र घेऊन पणजीच्या सभागृहात जे बसले होते, त्यांनी तो पाहिला याचा आनंद आहे. पण साने गुरुजींचं पुस्तक ज्या घरांत आहे ती घरं पणजीत नाहीत. ती अंमळनेरला आहेत, पालगडला आहेत, लातूरला, गोंदियाला आहेत. सार्वजनिक पैशातून एखादा चित्रपट स्वच्छ होतो, तेव्हा तो त्या घरांपर्यंत कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने पोचेल, हे त्याच मंजुरीच्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. महोत्सवातला एक खेळ हा त्या खर्चाचा शेवट असू शकत नाही.

‘घाशीराम कोतवाल’ची हकिगत तर मन विषण्ण करणारी आहे. तेंडुलकरांच्या नाटकावरून १९७६ साली हा चित्रपट निघाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी तत्त्वावर तो केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी नावं त्यामागे होती आणि ओम पुरींचा हा पहिला चित्रपट. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या नाटकांपैकी एकाचा चित्रपट, मराठीतला, पुण्याबद्दलचा. त्याची वापरता येण्याजोगी प्रिंट टिकली ती बर्लिनमधल्या आर्सेनल या संस्थेकडे. त्यांनीच ती स्कॅन केली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली. जर्मन करदात्यांच्या पैशातून नाना फडणवीस वाचला. त्या संस्थेबद्दल कृतज्ञता वाटते, आणि मुंबई-पुण्यातल्या किती कार्यालयांना हे काम जमलं असतं याचा विचार केला की संताप येतो.

मग चित्रपट अडतो कुठे? बहुतेक वेळा उत्तर कागदपत्रांत असतं. जुना मराठी निर्माता हा बहुधा एकांडा माणूस. घर गहाण टाकून, फायनान्सरकडून कर्ज काढून त्याने एक-दोन चित्रपट काढले. कर्ज फिटलं नाही तर निगेटिव्ह फायनान्सरकडे गेली. लॅबचं बिल थकलं तर ती लॅबमध्येच राहिली. निर्माता वारला, मुलांत वाटण्या झाल्या. घराच्या, शेताच्या वाटणीची कागदपत्रं झाली, चित्रपटाची झाली नाहीत, कारण त्याची किंमत शून्य धरली होती. ज्या काळात करार झाले त्या काळात व्हिडिओ हा प्रकारच नव्हता, त्यामुळे घरी पाहण्याचे हक्क कुणाचे याचं उत्तर करारात नसतं. पुढे कुणीतरी येऊन थोडक्या रकमेत ‘सर्व माध्यमांतले, कायमचे’ हक्क लिहून घेतो, चार व्हीसीडी काढतो आणि धंदा बसला की तो कागदही फाइलीत जातो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्रीकरण डिजिटल झालं आणि रसायनांवर चालणाऱ्या लॅब एकेक करत बंद पडल्या, तेव्हा तिथे पडलेल्या डब्यांचं काय करायचं हे विचारायलाही अनेकदा मालक सापडला नाही.

या गुंत्यातून वाट नाही, असं सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि इथे मला थोडं थांबून कायद्याबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या सांस्कृतिक चर्चांमध्ये हा भाग कुणी काढतच नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रदर्शित झालेल्या प्रत्येक भारतीय चित्रपटावरचा निर्मात्याचा हक्क आज संपलेला आहे. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘ब्रह्मचारी’, ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘सांगत्ये ऐका’, ‘मोलकरीण’, ‘पाठलाग’ हे सगळे त्यात येतात. मराठी बोलपटाची पहिली तेहतीस वर्षं, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून पुढची सगळी, आता जनतेची आहेत. पटकथा, गीतं, संगीत यांचे हक्क लेखक-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात आणि ते कुणाकडे गेले हे चित्रपटागणिक पाहावं लागतं, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा इलाज ठरावीक मानधन बाजूला काढून ठेवणं हा आहे. कपाटाला कुलूप लावणं हा नाही.

जे चित्रपट अजून हक्कात आहेत त्यांच्यासाठीही कायद्यात दोन दारं आहेत. कलम ३१ सांगतं की प्रसिद्ध झालेली कृती मालक पुन्हा प्रसिद्ध करायला नकार देत असेल आणि त्यामुळे ती जनतेपासून दूर राहत असेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. कलम ३१-अ त्याहून उपयोगी आहे: कर्ता हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्काचा मालक शोधूनही सापडत नसेल, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन, ठरलेलं मानधन जमा करून, ती कृती लोकांपर्यंत नेण्याचा परवाना कुणालाही मागता येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हे कलम आधी प्रसिद्ध झालेल्या आणि नंतर जनतेपासून दूर राहिलेल्या कृतींनाही लागू झालं. बेवारस चित्रपटांसाठी यापेक्षा स्पष्ट तरतूद आणखी काय हवी? एकटा माणूस न्यायालयात खेटे घालू शकत नाही हे मी समजू शकतो. पण राज्याकडे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ आहे, विधी विभाग आहे, सांस्कृतिक कार्य विभाग आहे. वीस-पंचवीस बेवारस चित्रपटांची यादी करून हे अर्ज करणं त्यांच्या आवाक्यातलं काम आहे.

‘हे पाहणार कोण, त्याला बाजार आहे का?’ असं यावर विचारलं जातं. हा प्रश्न आपण पुस्तकांच्या बाबतीत कधीच निकालात काढला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून अशी पुस्तकं छापत आलं आहे जी बाजाराच्या हिशोबात बसत नाहीत, आणि त्यांतली कितीतरी आज संकेतस्थळावरून कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांकडे पाठवणं प्रकाशकाला बंधनकारक आहे. चित्रपटाच्या जतनासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. खेड्यातल्या छापखान्यातून निघालेल्या शंभर प्रतींच्या कवितासंग्रहाची प्रत सरकारदरबारी असावी असं आपल्याला वाटलं, आणि लाखो लोकांनी रांगा लावून पाहिलेल्या चित्रपटाची असावी असं वाटलं नाही. पुण्याच्या विजयानंदमध्ये ‘सांगत्ये ऐका’ अडीच वर्षं चालला. एवढ्या माणसांनी एकत्र बसून घेतलेला अनुभव हा एखाद्या समाजाचा दस्तऐवज असतो, आणि तो पुस्तकापेक्षा कमी दर्जाचा मानण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

हे न दिसण्याचा परिणाम आपल्या विचारावरही झाला आहे. ‘तमाशापटांच्या लाटेने मराठी चित्रपट बुडवला’ हे विधान आपण पिढ्यान्पिढ्या ऐकतो. लेखक ते एकमेकांचं वाचून लिहितात. ‘सांगत्ये ऐका’नंतरच्या दशकात निघालेले तमाशापट एकापाठोपाठ एक लावून पाहिल्याशिवाय या विधानाची शहानिशा कशी होणार? कदाचित ते खरं निघेल. कदाचित असंही दिसेल की मराठी पडद्यावर स्वतःच्या पायावर उभी असलेली, स्वतःची कमाई असलेली, पुरुषाला तोंडावर उत्तर देणारी बाई याच चित्रपटांत भेटते. त्यांतल्या नाचण्या-गाण्याच्या पद्धती, ढोलकीवाले, सोंगाडे हे खऱ्या फडांतून आलेले होते. लोककलांच्या अभ्यासकाला त्यांत किती सामग्री मिळेल याचा अंदाजसुद्धा आज करता येत नाही. चि. वि. जोशींचा चिमणराव म्हटलं की सगळ्यांना दूरदर्शनची मालिका आठवते. त्याआधी पस्तीसेक वर्षं दामूअण्णा मालवणकरांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ पडद्यावर आले होते, ‘लग्न पहावं करून’ आणि ‘सरकारी पाहुणे’मध्ये. दोन चिमणराव शेजारी ठेवून अभिनयाच्या बदलत गेलेल्या पद्धतीवर एक उत्तम निबंध होईल. वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्यांवर प्रबंधामागून प्रबंध झाले. त्यांनी मास्टर विनायकांसाठी लिहिलेल्या ‘छाया’, ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ या पटकथा म्हणजे त्या लेखकाच्या कामाचा मोठा भाग आहे. त्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी परिच्छेदभरात उरकतो, कारण अभ्यासकासमोर मजकूर नाही आणि पडदाही नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शिलालेख, ताम्रपट, पोथ्या यांची चर्चा त्यानिमित्ताने झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण १९३०-४० च्या दशकांत कोल्हापूरचा गाडीवान कसा बोलत होता, सदाशिव पेठेतली विधवा कोणत्या स्वरात उत्तर देत होती, हे ज्या एकाच ठिकाणी ऐकू येतं ती जागा म्हणजे हे बोलपट. बोलीचा पुरावा म्हणून तरी त्यांना अभिजाततेच्या निधीत वाटा मिळाला पाहिजे.

दक्षिण कोरियाचं उदाहरण मला यासाठी आवडतं की त्यांचंही खूप काही युद्धात आणि हेळसांडीत गेलं होतं. तिथल्या सरकारी कोरियन फिल्म आर्काइव्हने आपल्याकडचे जुने कोरियन चित्रपट पूर्ण लांबीचे, चांगल्या प्रतीतले, इंग्रजी उपशीर्षकांसह यूट्यूबवर मोफत ठेवले. शंभराहून जास्त. कुठलाही परवाना लागत नाही, ओळख लागत नाही. डेन्मार्कनेही आपले मूकपट असेच खुले केले आहेत. प्रभातच्या चित्रपटांच्या बाबतीत आपल्याकडेही दिसलं आहे की वारसदारांनी चिकाटीने ते सीडी-डीव्हीडीवर आणले आणि ‘संत तुकाराम’ नव्या पिढीच्या घरात पोचला. १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेलेला हा चित्रपट आजही वारीच्या दिवसांत लोक आवर्जून लावतात. बाजार नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

संग्रहालयातल्या माणसांचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, ओरखड्यांनी भरलेली, अधूनमधून उड्या मारणारी प्रत लोकांसमोर ठेवली तर त्या चित्रपटाचा अपमान होतो. आधी पुनर्संचयन होऊ द्या. त्यांची निष्ठा खरी आहे. पण एका चित्रपटाची चौकट न् चौकट स्वच्छ करायला महिनोन्महिने आणि लाखो रुपये लागतात. त्या रांगेत ‘श्यामची आई’ आधी येणार आणि १९५६ सालचा एखादा विसरलेला सामाजिक चित्रपट कधीच येणार नाही. उलट नुसता चांगला स्कॅन करून, काही न पुसता, ‘ही उपलब्ध प्रत अशी आहे, यात तिसऱ्या रिळाचा काही भाग नाही’ अशी प्रामाणिक टीप लावून तो खुला करणं कितीतरी स्वस्त आहे. प्रेक्षक ओरखडे सहन करतो. तो इतकी वर्षं कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह सहन करत आला आहे. शिवाय असं खुलं केल्यावरच कुणीतरी सांगतं की आमच्या गावच्या टॉकीजच्या माळ्यावर याच चित्रपटाचे डबे आहेत, किंवा अमुक प्रसंगातली ती नटी म्हणजे माझी आत्या. जुन्या कलावंतांची, तंत्रज्ञांची पिढी संपत आली आहे. रमेश देव, सीमाताई, सुलोचनाबाई गेल्या काही वर्षांत एकापाठोपाठ गेले. कापलेला प्रसंग कोणता होता हे सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत, आणि पुनर्संचयनाची रांग त्यांच्यासाठी थांबणार नाही.

वारसदारांवर मी रोष धरत नाही. ज्या घरांनी डबे माळ्यावरून फेकून न देता ठेवले, त्यांनी आपल्या सगळ्यांवर उपकार केले आहेत. त्यांना स्कॅनचा खर्च करायला लावू नये, स्कॅनची एक प्रत त्यांना द्यावी, हक्क बाकी असेल तर उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावा आणि श्रेयात त्यांचं नाव लिहावं. यासाठी एक साधी नोंदवही हवी: प्रत्येक मराठी चित्रपटापुढे निगेटिव्ह कुठे, प्रिंट कुठे, किती रिळं, हक्क कुणाकडे किंवा कधी संपला. ही नोंदवही लोकांना ऑनलाइन पाहता आली पाहिजे आणि तिच्यात भर घालता आली पाहिजे. अशी नोंदवही नसल्यामुळे दर अभ्यासकाला पहिल्यापासून तीच दारं ठोठवावी लागतात.

आणि हे फक्त कृष्णधवल चित्रपटांपुरतं नाही. २००५ नंतर मराठीत जी नवी लाट आली, तिच्यातले कितीतरी चित्रपट डिजिटल फाइलींवर आहेत. हार्ड डिस्क पाच-दहा वर्षांत बंद पडते. चित्रपटगृहाला पाठवलेल्या फाइलीला कुलूप असतं आणि त्याची किल्ली ठरलेल्या तारखांनंतर चालत नाही. फिल्मचा डबा तरी पन्नास वर्षांनी उघडून पाहता येत होता. या चित्रपटांना राज्य सरकार दर्जानुसार अर्थसाहाय्य देतं. त्या शासन निर्णयात दोन कलमं घालायला नवा कायदा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही: अर्थसाहाय्याचा शेवटचा हप्ता मिळण्याआधी कुलूप नसलेली पूर्ण दर्जाची प्रत आणि उपशीर्षकांची फाइल महामंडळाकडे जमा करायची, आणि प्रदर्शनानंतर दहा वर्षांत तो चित्रपट कुठल्याही माध्यमात सलग उपलब्ध नसेल तर महामंडळाला तो लोकांसाठी खुला करता येईल असं लिहून द्यायचं. पुढच्या अर्थसाहाय्याच्या यादीपासून हे सुरू करता येईल.